आफ्रिकेचा कच्चा माल आणि तिथले कारखाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सावंतवाडीजवळ काजूची छोटी फॅक्टरी आहे. मार्च ते मे गावची बी मिळते, ती संपली की न्हावाशेवा किंवा मंगळूरला उतरलेला आफ्रिकन माल घ्यायचा, नाहीतर पावसाळ्यात कटिंगच्या बायकांना घरी बसवायचं. म्हणजे बेनिन किंवा टांझानियाच्या सरकारनं काही ठरवलं की त्याची झळ आमच्या शेडपर्यंत येते, आणि म्हणूनच मी गेली काही वर्षं आफ्रिकेतली कच्च्या मालाची धोरणं मन लावून वाचतेय. काजूवर लिहायला लागले तसे हिरे, तेल, लाकूड, लिथियम सगळ्यावर प्रश्न यायला लागले. फॅक्टरीवाले विचारतात, एमपीएससीची मुलं विचारतात, तिकडे नोकरीला असलेले विचारतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केलीत.

१. कच्चा माल विकून पैसे येतातच की, मग कारखान्यांचा एवढा आग्रह कशाला?

पैसे येतात, पण ते कोणाकडे येतात आणि किती दिवस टिकतात ते बघा. खाणीत किंवा तेलाच्या विहिरीवर माणसं फार कमी लागतात, यंत्रं जास्त. त्यामुळे निर्यातीचा आकडा मोठा दिसला तरी गावातल्या पोरांना काम नसतं. आणि भाव आपल्या हातात नसतो. झांबियाची मिळकत तांब्यावर होती, १९७५ च्या सुमाराला तांब्याचा भाव कोसळला आणि तो देश पुढची वीस-पंचवीस वर्षं कर्जातून वर आला नाही.

काजूचं उदाहरण घेते, ते माझ्या हातातलं आहे. आफ्रिकन बीचा सौदा आउटटर्नवर होतो, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघणार. ४८ पौंड निघाला तर माल चांगला म्हणायचा. ४८ पौंड म्हणजे जेमतेम २२ किलो. बाकीचं टरफल आणि साल. म्हणजे बेनिनच्या कोतोनू बंदरातून जहाजात भरलेल्या वजनातलं जवळजवळ तीन चतुर्थांश टरफल असतं, त्याचंही भाडं भरायचं. तिथेच फोडलं तर भाडं वाचेल, टरफलाचं तेल तिथेच निघेल (रंगात, ब्रेक लायनिंगमध्ये जातं ते) आणि तिथल्या बायकांना रोज मिळेल. कागदावर हिशोब इतका सरळ आहे, तरी ते होत का नाही हे पुढच्या प्रश्नांत येतंच.

२. निर्यातीतून उद्योग नेमका कुठल्या वाटेनं येतो?

लोक एकच वाट धरून बसतात, की माल तिथेच प्रोसेस करा. खरं तर वाटा तीन आहेत.

पहिली म्हणजे सरकारच्या तिजोरीतून. रॉयल्टी, कर, डिव्हिडंड घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा, वीज, बंदर उभं करायचं, मग उद्योग कुठलाही येऊ दे, त्या मालाशी त्याचा संबंध असायलाच हवा असं नाही. दुसरी खाणीला लागणाऱ्या वस्तूंची, म्हणजे पंप, ड्रिल, स्फोटकं, बूट, दुरुस्तीची वर्कशॉप्स. दक्षिण आफ्रिकेत खोल सोन्याच्या खाणींमुळे हाच धंदा इतका वाढला की खाणीची यंत्रसामग्री त्यांनी बाहेर विकली. तिसरी वाट प्रक्रियेची, म्हणजे बीचा गर, लाकडाचा प्लायवूड, कच्च्या तेलाचं पेट्रोल.

माझं स्पष्ट मत आहे की तिसरी वाट सगळ्यात जास्त गाजते आणि सगळ्यात अवघड तीच आहे. फीत कापायला तिथे नेते जातात. दुसऱ्या वाटेवर वेल्डिंगची दुकानं असतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही, पण फिटर-टर्नर तयार होतात ते तिथेच.

३. डच डिसीज, डच डिसीज म्हणतात ते काय असतं?

नेदरलँड्समध्ये १९५९ ला ग्रोनिंगेनला प्रचंड गॅस सापडला. निर्यात वाढली, परकीय पैसा आला, त्यांचं चलन महाग झालं आणि बाकीच्या कारखान्यांचा माल परदेशात महाग पडून ते मागे पडले. त्यावरून हे नाव.

आफ्रिकेत हे जास्त लागतं कारण कारखाने आधीच कोवळे असतात. तेलाचे डॉलर आले की बाहेरचा तांदूळ, कापड, टायर सगळं स्वस्त पडतं, मग तिथं बनवायला कोण बसेल? उपाय म्हणजे पैसा एकदम बाजारात न सोडणं, थोडा बाहेर गुंतवून ठेवणं. तो कोणी करून दाखवला ते प्रश्न ४ मध्ये.

४. सगळे बोत्स्वानाचंच नाव घेतात. त्यांनी एवढं वेगळं काय केलं?

याचं उत्तर लांब आहे, कारण इथं शिकण्यासारखं खूप आहे.

३० सप्टेंबर १९६६ ला बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत होता, अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. आता गंमत नाही, खरी मोठी गोष्ट ही की ओरापा बामांग्वाटो जमातीच्या मुलखात येतं आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. त्यांना म्हणता आलं असतं की हे आमचं. त्यांच्या सरकारनं १९६७ च्या कायद्यानं खनिजांचा हक्क सगळ्या जमातींकडून देशाकडे घेतला. ज्या देशांमध्ये खनिजावरून भाऊबंदकी होऊन यादव्या पेटल्या, त्यांच्याकडे बघितलं की हा एक निर्णय केवढा होता ते कळतं.

दुसरं, करार परत परत उघडला. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबर १९६९ ला कंपनी काढली तेव्हा सरकारचा हिस्सा १५ टक्के होता, १९७५ ला तो ५० टक्के करून घेतला. हीच कंपनी आज डेब्स्वाना. ओरापाची खाण १९७१ ला सुरू झाली आणि १९८२ ला ज्वानेंग, जी किमतीच्या हिशोबानं जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्याची खाण मानतात. कर, रॉयल्टी, डिव्हिडंड सगळं धरलं तर डेब्स्वानाच्या नफ्यातला साधारण ८० टक्के वाटा सरकारकडे जातो असं सांगितलं जातं. शिवाय खुद्द डी बिअर्समध्ये सरकारचा १५ टक्के हिस्सा आहे.

तिसरं, पैसा सांभाळला. १९७६ ला स्वतःचं चलन काढलं, नाव पुला, म्हणजे पाऊस. वाळवंटी देशात पैशाला पाऊस म्हणतात, याच्यापेक्षा जास्त मला सांगायची गरज नाही. १९९४ ला पुला फंड केला, हिऱ्याच्या पैशातला भाग बाहेर गुंतवायचा म्हणून.

चौथं म्हणजे प्रक्रिया, आणि ती सगळ्यात उशिरा आली हे लक्षात घ्या. खाण १९७१ ची, आणि कटिंगला खरा जोर दिला २००६ नंतर. आधी पस्तीस वर्षं तिजोरी, शाळा, रस्ते, मग घंटीवर (हिरा घासायच्या चाकावर) हिरा. २०११ च्या करारात त्यांनी डी बिअर्सला रफची (न कापलेल्या हिऱ्यांची) विक्री लंडनहून आपल्या राजधानीत, गॅबोरोनला हलवायला लावली, २०१३ ला ती हलली. तोवर जगभरचे खरेदीदार लंडनला जायचे, ते कलहारीच्या कडेला यायला लागले. त्यांच्याबरोबर हॉटेलं, विमानं, सिक्युरिटी, बँका सगळं आलं.

५. मग गॅबोरोनचं सुरत का झालं नाही?

मुंबईत बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये काम करणाऱ्या एका वाचकानं हे विचारलं होतं, आणि त्यांना अर्धं उत्तर आधीच माहीत होतं.

जगातल्या दहापैकी नऊ हिरे भारतात, मुख्यतः सुरतला कापले जातात. सुरतला लाखो कारागीर आहेत, काका-मामाच्या शेजारी बसून पोरगा शिकतो, घंटी बिघडली तर दुरुस्त करणारा पुढच्या गल्लीत, उधारीवर माल देणारा ओळखीचा, आणि मजुरी कमी. बोत्स्वानाची सगळी लोकसंख्याच सुमारे २५ लाख आहे आणि तिथला पगार आफ्रिकेत वरचा. एका कॅरेटमागे कटिंगचा खर्च गॅबोरोनला भारतापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

म्हणून तिथं वाटणी झाली ती अशी: मोठे, महाग हिरे गॅबोरोनला कापायचे, कारण एका खड्यात इतकी किंमत असते की मजुरीचा फरक सोसतो, आणि बारीक माल सुरतला. ज्या कंपन्यांना तिथला रफ हवा त्यांनी तिथं काही माल कापला पाहिजे अशी अट आहे. त्यातल्या बऱ्याच कंपन्या मुंबई-सुरतच्याच आहेत. म्हणजे कारखाना आपल्याच लोकांचा, फक्त जागा त्यांची. त्यातून काही हजार नोकऱ्या आल्या. २५ लाखांच्या देशात काही हजार चांगल्या नोकऱ्या कमी नाहीत, पण त्यानं देश औद्योगिक होत नाही.

सरकारनं मग दुसरा रस्ता धरला. २०१२ ला ओकावांगो डायमंड कंपनी काढली, जी डेब्स्वानाच्या मालातला ठराविक भाग घेऊन स्वतः लिलावात विकते. सुरुवातीला थोडा भाग होता, नंतर २५ टक्के झाला, आणि २०२५ च्या नव्या करारात ३० टक्क्यांपासून पुढे टप्प्याटप्प्यानं ५० पर्यंत न्यायचं ठरलंय. विकता येणं, भाव ओळखता येणं, हेही कौशल्यच आहे आणि माझ्या मते कटिंगपेक्षा ते जास्त दिवस पुरेल.

६. पण बोत्स्वाना तर आता अडचणीत आहे असं वाचलं. मग मॉडेल फेल गेलं का?

अडचण खरी आहे. हिरे म्हणजे त्यांच्या निर्यातीतला साधारण ८० टक्के भाग. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांचे भाव इतके पडले की साखरपुड्याची अंगठी घेणारं अमेरिकन गिऱ्हाईक तिकडे वळलं (आणि असे हिरे बनवण्यात सुरत जोरात आहे, हे बोत्स्वानाच्या लोकांच्या दृष्टीनं किती कठीण आहे बघा). डेब्स्वानाला उत्पादन कमी करावं लागलं, २०२४ ला अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आक्रसली, ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दवाखान्यांत औषधं संपायला लागली म्हणून राष्ट्राध्यक्ष ड्युमा बोको यांना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

फेल म्हणायला मी तयार नाही. रस्ते झाले, दोन पिढ्या शाळेत गेल्या, ते कोणी काढून घेत नाही. पण प्रश्न २ मधली पहिली वाट त्यांनी उत्तम चालवली आणि हिऱ्याबाहेरचं दुसरं काही उभं राहिलं नाही. प्रयत्न केले नाहीत असं नाही. ह्युंदाई गाड्यांची असेम्ब्ली तिथं होती, ती २००० साली बंद पडली. सेलेबी-फिक्वेची तांबं-निकेलची खाण २०१६ ला बंद झाली आणि अख्खं गाव बसलं. समुद्र नाही, गिऱ्हाईक थोडं, शेजारी दक्षिण आफ्रिकेसारखा मोठा देश ज्याचा माल ट्रकनं सहज येतो. अशा ठिकाणी साबणाचा कारखाना काढणंसुद्धा अवघड जातं.

७. ताई, बेनिननं बी बाहेर सोडायची बंद केली म्हणतात, आपल्या फॅक्टऱ्यांचं काय होणार?

हो, १ एप्रिल २०२४ पासून बेनिनमधून कच्ची काजू बी बाहेर न्यायला बंदी आहे. कोतोनूजवळ ग्लो-जिग्बे नावाची मोठी औद्योगिक वसाहत केलीय, तिथं काजू फोडायच्या फॅक्टऱ्या आणि कापसापासून कपडे शिवायचे कारखाने आहेत.

आपल्याला फरक पडतो कारण भारतातल्या फॅक्टऱ्यांना लागणारी निम्म्याहून जास्त बी बाहेरून येते आणि बेनिनचा माल चांगल्या आउटटर्नचा म्हणून ओळखला जातो. आता आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, टांझानियावर भर वाढला. आयव्हरी कोस्ट सगळ्यात मोठा, वर्षाला १० लाख टनांच्या आसपास बी, आणि तेही दरवर्षी जास्त जास्त माल स्वतः फोडतायत. गिऱ्हाईकाच्या बाजूला व्हिएतनाम आहे, त्यांच्या ऑटोमॅटिक मशिनांपुढे आपले पायानं चालवायचे कटर मागे पडलेत.

मला विचाराल तर मला बेनिनचा राग येत नाही. आमच्या शेडमध्ये बायका हाताला तेल नाहीतर राख लावून बी फोडतात कारण टरफलाचा चीक कातडी जाळतो, बोटांची टोकं काळी होतात ती हंगाम संपला तरी जात नाहीत. एवढ्या कष्टाचं काम आहे, तरी त्या कामासाठी बायका धडपडतात कारण घरात दुसरा पैसा नाही. बेनिनमधल्या बाईलाही ते हवं असणार. आमचं नुकसान होतं हे खरंच, माझा खरेदीचा खर्च वाढलाय, पण तिनं तिच्या अंगणातली बी न फोडता मला द्यावी असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

८. म्हणजे बंदी घातली की उद्योग येतो, बरोबर?

नाही. आणि हे आपल्या लोकांना समजावायला लागू नये. लासलगावला विचारा. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा भाव कोणाचा पडला? शेतकऱ्याचा. बंदी म्हणजे पिकवणाऱ्याच्या खिशातून काढून आतल्या खरेदीदाराला देणं. कांद्यात तो खरेदीदार शहरातलं गिऱ्हाईक असतं, काजूत फॅक्टरीवाला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मोझांबिकची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात सगळ्यात जास्त काजू मोझांबिकचा. (पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू गोव्यात आणला, तसाच तिकडेही नेला, म्हणजे आपलं आणि त्यांचं झाड एकाच वाटेनं आलंय.) तिथं फॅक्टऱ्या होत्या, कच्ची बी बाहेर न्यायला आधी बंदी आणि मग जबर कर होता. १९९० च्या दशकात वर्ल्ड बँकेनं कर्जाच्या अटीत सांगितलं की हा कर उतरवा, शेतकऱ्याला भाव मिळेल. कर उतरला, बी भारतात यायला लागली, त्यांच्या फॅक्टऱ्या एकामागून एक बंद झाल्या आणि २००१ पर्यंत त्यातले सुमारे ९० टक्के कामगार घरी बसले. शेतकऱ्याला काय मिळालं? नंतर हिशोब झाला तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबामागे वर्षाला साधारण ५ डॉलर. मधला फायदा व्यापाऱ्यांनी खाल्ला.

यात एक गोष्ट सांगायची राहून जाते ती म्हणजे त्या फॅक्टऱ्यांतही दोष होता. मोठी मशिनं होती, त्यात गर फुटायचा. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात किती फरक असतो ते काजूवाल्यांना माहीत आहेच. आपल्या केरळच्या, कोकणच्या बायका हातानं अख्खा गर काढायच्या, म्हणून भारतीय खरेदीदाराला बीला जास्त भाव देणं परवडायचं. नंतर मोझांबिकच्या नाम्पुलात पुन्हा फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या त्या छोट्या, हाताच्या कटरच्या.

तेव्हा बंदी का मोकळीक यावर भांडण्यापेक्षा मी तीन गोष्टी विचारते: फॅक्टरीत अख्खा गर किती टक्के निघतो, हंगामात बी घेऊन ठेवायला बँक कर्ज देते का (वर्षाचा माल तीन महिन्यांत घ्यावा लागतो, यातच अर्ध्या फॅक्टऱ्या मरतात), आणि शेतकऱ्याला बंदीआधी मिळायचा त्याच्या जवळपास भाव मिळतोय का.

९. सरकारनंच हमीभावानं सगळा माल घेतला तर?

टांझानियानं केलं. नोव्हेंबर २०१८ ला व्यापारी फारच कमी भाव सांगतायत म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी किलोला ३,३०० शिलिंग जाहीर केले आणि माल उचलायला लष्कराचे ट्रक पाठवले. शेतकऱ्यांच्या बाजूनं उभं राहिले यात शंका नाही. पण फोडायची क्षमता देशात थोडी, विकायची साखळी व्यापाऱ्यांची, त्यामुळे माल गोदामात पडून राहिला, कितीतरी शेतकऱ्यांना पैसे उशिरा मिळाले. काजू बी दमट हवेत जास्त दिवस राहिली की आउटटर्न उतरतो. आम्ही एकदा एका आयातदाराकडून अशीच जुनी बी घेतली होती, कागदावर ४७ पौंड, फोडल्यावर ४१ सुद्धा भरेना, अर्धा गर पिवळा.

१०. गॅबनमध्ये लाकडाची बंदी यशस्वी झाली ना? मग प्रश्न ८ मधलं तुमचं म्हणणं चुकलं का?

चुकलं नाही, अपवाद कशामुळे झाला ते बघा. गॅबननं २०१० ला गोल ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली. पहिली काही वर्षं वाईट गेली, निर्यात पडली, जंगलतोडीच्या कामावरची माणसं सुटली. पण त्याच वेळी राजधानी लिब्रव्हिलजवळ एन्कोकला औद्योगिक क्षेत्र उभं केलं, जागा, वीज, कर सवलत, परवाने सगळं एका ठिकाणी. ओकुमे नावाचं त्यांचं लाकूड प्लायवूडच्या पातळ पापुद्र्यासाठी जगात नावाजलेलं आहे, बाहेरच्या कंपन्यांना ते हवंच होतं आणि दुसरीकडे सहज मिळत नाही. आज गॅबन या पापुद्र्याचा, म्हणजे व्हिनियरचा, आफ्रिकेतला मोठा निर्यातदार आहे.

म्हणजे दोन गोष्टी जमल्या: माल असा की गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही, आणि बंदीबरोबर शेडही तयार. शिवाय लाकडात काजूसारखे लाखो छोटे शेतकरी नसतात, झाड तोडायचा परवाना मोठ्या कंपन्यांकडे असतो, त्यामुळे भाव पडला तरी गरिबाच्या चुलीपर्यंत तितकी झळ जात नाही. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच कोणी लिहितं. आणखी एक, शेजारी देशाची सीमा. आयव्हरी कोस्टची बी भाव मिळाला की रात्रीत घानात जाते. ओंडका मोटारसायकलवरून नेता येत नाही.

११. नायजेरियात एवढं तेल, तरी पेट्रोल बाहेरून का आणायचे?

तेल १९५६ ला ओलोइबिरीला सापडलं. सरकारी रिफायनऱ्या होत्या, पोर्ट हारकोर्ट, वारी, काडुना, मिळून दिवसाला ४,४५,००० बॅरलची क्षमता, पण देखभालीअभावी त्या बहुतेक काळ बंदच. वर पेट्रोल सबसिडीत विकायचं, म्हणजे खासगी माणूस रिफायनरी कशाला काढेल, आणि आयात करणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात.

मे २०२३ ला लागोसजवळ लेक्कीला उद्योगपती डांगोटेंच्या दिवसाला ६,५०,००० बॅरलच्या रिफायनरीचं उद्घाटन झालं, त्याच महिन्याच्या शेवटी नव्या सरकारनं सबसिडी काढली, आणि सप्टेंबर २०२४ ला तिथून पेट्रोल बाहेर पडलं. बांधकामाच्या वेळी भारतीय इंजिनियर तिथं मोठ्या संख्येनं होते. अडचण अशी झाली की रिफायनरी तयार, पण देशातलं कच्चं तेल पुरेसं मिळेना, म्हणून अमेरिकेतून क्रूड आणावं लागलं. तेल उत्पादक देशाच्या रिफायनरीला बाहेरचं तेल! आधीचे सौदे, चोरी, पाइपलाइन फोडणं सगळं त्यात आलं.

तिथली सिमेंटची गोष्ट मला जास्त आवडते. चुनखडी भरपूर, तरी सिमेंट जहाजानं यायचं. २००२ च्या सुमाराला सरकारनं ठरवलं की जो देशात प्लांट बांधेल त्यालाच आयातीचा परवाना. दहा-बारा वर्षांत गरज देशातच भागायला लागली. भाव मात्र मूठभर कंपन्या ठरवतात, आणि लोकांची ती तक्रार आजही आहे.

१२. लिथियम-कोबाल्ट त्यांच्याकडे, मग बॅटरीचे कारखाने तिथं का नकोत?

हवेत, पण पायऱ्या मोजा. खडक, मग कॉन्सन्ट्रेट (खडक दळून, नको तो भाग काढलेलं खनिज), मग रसायन, मग सेल, मग बॅटरी पॅक. झिंबाब्वेनं डिसेंबर २०२२ ला लिथियमचा कच्चा खडक बाहेर न्यायला बंदी केली आणि चिनी कंपन्यांनी खाणीजवळ कॉन्सन्ट्रेटचे प्लांट टाकले. एक पायरी चढली, चांगलंच झालं. पुढच्या पायरीला भरपूर आणि खंड न पडणारी वीज लागते, जी तिथं तासन्तास जाते. सेलच्या पायरीला ग्राफाइट, निकेल, आणि जवळपास गाड्या बनवणारं कोणीतरी लागतं.

काँगोच्या कोबाल्टचं वेगळं आहे. जगातला ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट त्यांचा, त्यांनी फेब्रुवारी २०२५ ला निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. ते भाव वर आणायला केलं होतं, कारखाना आणायला नाही. बातम्यांत दोन्ही एकाच वाक्यात येतं म्हणून मुलं पेपरात गल्लत करतात.

१३. कारखाना उभा राहिला पण उद्योग आला नाही, असं उदाहरण आहे का?

घाना. पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांचं स्वप्न होतं की व्होल्टा नदीवर धरण, त्या विजेवर ॲल्युमिनियम, आणि बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, तर देशातच. आकोसोंबो धरण झालं, १९६७ ला टेमाचा स्मेल्टरही (धातू काढायचा कारखाना) सुरू झाला. पण स्मेल्टर अमेरिकन कंपन्यांचा, त्यांनी स्वतःचा ॲल्युमिना (बॉक्साइट शुद्ध करून निघणारी पूड) बाहेरून आणला, वीज वर्षानुवर्षं अगदी स्वस्त दरानं घेतली, आणि घानाचा बॉक्साइट जहाजानं स्कॉटलंडला गेला. मधला ॲल्युमिना प्लांट कधी झालाच नाही. १९८३-८४ च्या दुष्काळात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा स्मेल्टरच बंद ठेवावा लागला. धरणासाठी सुमारे ८०,००० माणसं उठवली होती, त्यांच्या गावांवर आज जगातल्या सगळ्यात मोठ्या मानवनिर्मित तलावांपैकी एक आहे.

१४. डब्ल्यूटीओला अशी बंदी चालते का?

साधारण नियम असा की निर्यातीवर बंदी किंवा कोटा चालत नाही, निर्यात कर मात्र चालतो. इंडोनेशियाच्या निकेलबंदीवर युरोपनं केस केली, २०२२ ला निकाल इंडोनेशियाविरुद्ध गेला, त्यांनी अपील टाकलं, अपिलाचं मंडळच बंद पडलेलं आहे म्हणून ते तसंच लटकलंय. छोट्या आफ्रिकन देशावर सहसा कोणी केस करत नाही. पण इंडोनेशियाला जमलं म्हणून आपल्याला जमेल हा हिशोब धोक्याचा, कारण जगातलं निम्म्याहून जास्त निकेल त्यांच्याच खाणीतून निघतं, गिऱ्हाईक जाणार कुठे? प्रश्न १० मधला ओकुमेचा मुद्दा तोच.

१५. युरोप चॉकलेटवर कर लावतो म्हणून घाना-आयव्हरी कोस्ट कोको तसाच विकतात, हे खरं का?

हे अर्धवट आहे. दोन्ही देशांचे युरोपशी करार आहेत, त्यांचा माल तिथं बहुतेक करमुक्त जातो. आयव्हरी कोस्ट कोको दळण्यात जगातल्या पहिल्या देशांत आहेही. अडतं ते चॉकलेटच्या पायरीवर: दूध बाहेरून आणा, उन्हात वितळू नये म्हणून थंड साखळी ठेवा, आणि ब्रँडशी टक्कर घ्या. दळणाऱ्या गिरण्याही बहुतेक परदेशी कंपन्यांच्या, म्हणजे नफ्याचा प्रश्न तिथं सुटत नाही, फक्त नोकऱ्यांचा थोडा सुटतो.

१६. गोव्याच्या खाणींची आणि यांची तुलना होते का?

होते आणि मला ती करावीशी वाटते, कारण बांद्याच्या पुढे गेलं की लाल धूळ मी लहानपणापासून बघितलीय. गोव्याचं लोहखनिज आधी जपानला, मग चीनला गेलं, गोव्यात पोलाद झालं नाही. बार्ज, ट्रक, दुरुस्तीची गॅरेजं एवढंच प्रश्न २ मधल्या दुसऱ्या वाटेचं आलं, आणि २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेले लोक रस्त्यावर आले.

२०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खनिज विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी फंडात टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. पुला फंडामागेही हाच विचार आहे.

१७. आम्ही काजूवाले तिथं जाऊन युनिट टाकू शकतो का?

बरेच भारतीय गेलेत. जाण्याआधी हंगामाच्या वेळी एकदा जाऊन या. वीज किती तास जाते ते हॉटेलात न विचारता तिथल्या गिरणीवाल्याला विचारा, जनरेटरच्या डिझेलचा खर्च धरा, मशिनचा सुटा भाग कोइमतूरहून यायला किती दिवस लागतील ते धरा. फ्रेंच बोलणारा सुपरवायझर लागेल. आणि कटिंग शिकवायला इथली अनुभवी बाई सहा महिने घेऊन जा, तिला तिथल्या मॅनेजरइतका मान आणि पगार द्या. आमच्याकडच्या एक मावशी तशा बाहेर जाऊन आल्यात. पहिल्या महिन्यात त्यांच्या हाताखालच्या मुलींचा अख्खा गर निम्म्यावर होता, परत निघाल्या तेव्हा शंभरातले पंच्याऐंशी अख्खे निघत होते.